करंगळीची खूण

स्टुडिओत सगळे त्यांना भाऊच म्हणत. पगारपत्रकावर त्यांच्यापुढे रेकॉर्डिस्ट असं लिहिलेलं असे, पण काम म्हणाल तर लोकांच्या चुका टिपण्याचं. काचेपलीकडच्या बंद खोलीत माइकसमोर कुणीतरी पुस्तक वाचत असायचं. काचेअलीकडे भाऊ कानांवर हेडफोन चढवून, मांडीवर त्याच पुस्तकाची प्रत उघडून, डाव्या हाताची तीन बोटं कीबोर्डच्या तीन बटणांवर ठेवून बसायचे. वाचणारा अडखळला, शब्द गिळला, की एक नंबर. पडद्यावर धावणाऱ्या आवाजाच्या रेघेवर लाल खूण पडायची. खुर्ची करकरली, पान फडफडलं, पोट गुरगुरलं, की दोन नंबर, पिवळी.

तीन नंबर म्हणजे हिरवी. वाचणारा पुस्तक विसरून गोष्ट सांगायला लागला, तर ती जागा हिरवी. जाहिरातीसाठी तुकडा निवडायचा असो की नव्या वाचकाला 'असं वाचायचं बघा' म्हणून ऐकवायचं असो, सगळे भाऊंच्या हिरव्या खुणा शोधायचे. त्या बाबतीत भाऊ भलतेच चिक्कू. अख्ख्या पुस्तकात चार, फार तर पाच. एका नावाजलेल्या नटाने बारा तास वाचलं होतं आणि भाऊंनी एकदाही तीन नंबर दाबला नव्हता. मालकाने कारण विचारलं, तर म्हणाले, "आवाज चांगला आहे त्यांचा." बस्स.

सव्वीस वर्षं हे चाललं होतं. पहिल्या मालकाचा मुलगा आता मालक झाला होता. खुर्चीचा फोम दोनदा बदलून झाला होता. भाऊंच्या मनगटाला पट्टा आला होता. संध्याकाळी हेडफोन काढले की कानांच्या पाळ्या गरम झालेल्या असत आणि डोकं ओल्या वाळूच्या पोत्यासारखं जड. पूर्वी असं नव्हतं. वयाचं असेल, असं म्हणून भाऊ ते सोडून देत.

मग एका मंगळवारी चिमटी कागद घेऊन आली.

चिमटी म्हणजे शेजारच्या खोलीतली एडिटर. तिशीची, काटक, दोन लेकरांची आई. रुतलेल्या काट्यासारखी एकेक चूक उपटून काढायची, म्हणून भाऊंनीच तिचं हे नाव पाडलं होतं, आणि तिलाही ते आवडून गेलं होतं.

"भाऊ, चौथ्या प्रकरणात अकरा जागा सुटल्यात," ती म्हणाली.

"सुटतील कशा?"

"बाईंचा 'स' शिट्टी मारतोय. एका ठिकाणी कानातलं वाजतंय. बघा, ऐका."

तिने एकेक जागा काढून वाजवली. "हे. आणि हे बघा. हे तर केवढं!"

भाऊंना वाचणाऱ्या बाईंचा आवाज नेहमीसारखाच ऐकू येत होता, भरदार, खालच्या पट्टीतला. शिट्टी कुठेच नव्हती. त्यांनी डोळे मिटले, कानांत प्राण आणले. तरी नव्हती.

"हो हो," ते म्हणाले. "हेडफोन गेलेत बहुतेक."

या खोलीत बसून भाऊ कुणाशी खोटं बोलल्याचं त्यांना स्वतःलाच आठवत नव्हतं. चिमटीने मान डोलावली आणि ती गेली. तिचा भाऊंवर इतका विश्वास होता की हेडफोनवर संशय घेणं तिला अगदी साहजिक वाटलं. दोन दिवसांत नवे हेडफोन आले. भाऊंनी दार लावून घेतलं आणि त्या अकरा जागा नव्या हेडफोनमधून ऐकल्या. शिट्टी आताही कुठेच नव्हती.

घरी त्या आठवड्यात बायकोला दाराबाहेर ताटकळावं लागलं. दोन्ही हातांत पिशव्या, कोपराने बेल दाबतेय. शेवटी शेजारणीने भिंतीवर थापा मारल्या तेव्हा भाऊंनी दार उघडलं.

"मुहूर्त बघत होतात का?" बायको म्हणाली.

"डोळा लागला होता."

"डोळा लागला होता म्हणे. पेपर हातात आहे अजून." एवढं बोलून ती आत गेली, आणि पुढे स्वयंपाकघरातून काहीतरी बोलत राहिली. भाऊंनी "हं" म्हटलं.

तेव्हा स्टुडिओत साडेसहाशे पानांचं पुस्तक चालू होतं. जहाजांवर आयुष्य काढलेल्या एका स्वयंपाक्याची कहाणी. वाचणाऱ्या बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, बासष्ट वर्षांच्या, ताठ पाठीच्या. माइकशिवाय चारशे पोरांना गप्प बसवण्यात त्यांचा घसा तयार झाला होता. वाचताना एक शब्द चुकला तरी स्वतःवरच डोळे वटारायच्या आणि मागच्या पूर्णविरामापासून पुन्हा सुरू करायच्या. भाऊंना त्यांच्याबरोबर काम करायला आवडायचं. दोघंही कमी बोलणारे. अकरा वाजता आणि साडेतीनला चहा, तोही बहुतेक मुक्याने.

आता भाऊ डोळ्यांनी ऐकायला लागले. आवाजाच्या रेघेत बारीक टोक दिसलं की दोन नंबर. काचेपलीकडे बाईंचे ओठ पुस्तकातल्या शब्दाला जुळले नाहीत की एक नंबर. पडदा, पुस्तक, काच, पुन्हा पडदा. दुपारपर्यंत डोळ्यांतून पाणी यायचं. साडेतीनच्या चहाला कप उचलायचाही कंटाळा यायचा. घरी जाऊन ते जेवत आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एवढं करूनही निम्म्या जागा सुटायच्याच. चिमटीचा कागद दर दोन दिवसांनी यायचा, आणि आता ती तो टेबलावर ठेवून काही न बोलता निघून जायची. तिचं ते न बोलणंच भाऊंना जास्त लागायचं.

दोनशे बाराव्या पानावर बाईंनी 'साठ पोती' ऐवजी 'आठ पोती' वाचलं. भाऊंची बोटं हलली नाहीत. बाई दोन शब्द पुढे गेल्या, थांबल्या आणि त्यांनी काचेतून पाहिलं. भाऊ पडद्यात डोळे घालून बसले होते.

"भाऊ, चुकलं ना माझं?" बाईंनी माइकमधून विचारलं.

"हो हो," भाऊ म्हणाले आणि घाईने एक नंबर दाबला.

बाई त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग मागे जाऊन त्यांनी साठ पोती वाचली.

दुसऱ्या दिवशी वाचताना बाई एका ओळीवर अडखळल्या आणि पुस्तकाच्या कडेवरची त्यांची डावी करंगळी किंचित वर झाली. भाऊंना ती दिसली. त्यांनी लाल खूण मारली. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. मग बाईंची खुर्ची हलली असावी, कारण त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. भाऊंनी पिवळी मारली. सवय असेल बाईंची, असं त्यांनी मनाला सांगितलं. बाई कानातलं घालून येईनाशा झाल्या होत्या, हेही त्यांच्या लक्षात आलं. विचारलं मात्र नाही.

चिमटीचा कागद आखूड होत गेला. "नवे हेडफोन लागू पडले हो भाऊ," ती दारातून हसून म्हणाली. भाऊही हसले, आणि ते हसू त्यांना दिवसभर कडू औषधासारखं तोंडात जाणवत राहिलं. आपण मारलेली प्रत्येक खूण त्या करंगळीच्या मागून येतेय, हे कळायला त्यांना आठवडा पुरला होता. म्हणजे बाईच वाचत होत्या आणि बाईच स्वतःच्या चुका धरत होत्या. भाऊ नुसते बटणं दाबायला होते. लाज वाटायची, आणि रोज सकाळी खुर्चीत बसताना सुटल्यासारखंही वाटायचं. तीन आठवडे असे गेले. चहाच्या वेळी दोघं आपापल्या कपात बघत बसायचे.

एकोणिसाव्या प्रकरणात त्या स्वयंपाक्याला सात महिन्यांनी जहाज बंदराला लागल्यावर एक पत्र मिळतं. आई गेल्याचं. पत्र येऊनही पाच महिने झालेले असतात. तो ते वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि चाळीस माणसांचा स्वयंपाक करायला जातो. बाईंना त्या दिवशी अक्षरं अंधुक दिसत होती, म्हणून त्यांनी टेबलावरचा दिवा पुढे ओढून घेतला आणि वाचायला सुरुवात केली.

पाऊण तास त्या थांबल्या नाहीत. करंगळी वर झाली नाही, हात कानाकडे गेला नाही. पाठीचा ताठपणा कुठे गेला होता कोण जाणे. पुढे वाकून त्या जणू समोरच्या एकाच माणसाला सांगत होत्या. भाऊंनी पडद्यावरची नजर काढली, मांडीवरचं पुस्तक मिटलं. त्यांनी तीन नंबर दाबला. थोड्या वेळाने पुन्हा दाबला. प्रकरणाच्या शेवटी, स्वयंपाकी मीठ घातलं की नाही ते आठवत उभा राहतो तिथे, तिसऱ्यांदा. एका प्रकरणात तीन हिरव्या त्यांनी सव्वीस वर्षांत मारल्या नव्हत्या.

"जमलं का हो?" बाईंनी घसा साफ करत विचारलं.

"जमलं," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या चहाआधीच मालक चिमटीला घेऊन आला. बाई बाहेर येऊन उभ्या होत्या. चिमटीने कुणाकडे न बघता तुकडा वाजवला.

"सगळ्या प्रकरणभर आहे," ती म्हणाली. "बारीक सूं... डास कानाशी आल्यासारखी. दिव्याची असणार. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

मालकाने कपाळाला हात लावला. "भाऊ, पाऊण तास! एकदा तरी थांबवायचं ना. अहो, इतकं सुंदर वाचलंय बाईंनी, ते पुन्हा तसं येणार का?"

भाऊंनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी बाई बोलल्या.

"त्यांची काही चूक नाही. दिवा मी ओढला. मला ऐकू येत होती सूं, पण लय लागली होती, म्हणून मीच त्यांना हाताने खूण केली, थांबवू नका म्हणून. माझा दोष."

बाई खोटं बोलत होत्या. चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेली बाई, मान ताठ करून, मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलत होती. मालकाने खांदे पाडले. त्यांना काही म्हणण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. प्रकरण तिथेच मिटलं असतं. भाऊंनी फक्त गप्प बसायचं होतं.

"मला ऐकू येत नाही," भाऊ म्हणाले.

कुणालाच नीट कळलं नाही. "काय?" मालकाने विचारलं.

"बारीक आवाज ऐकू येत नाहीत मला. शिट्टी नाही, ही सूं नाही. आत्ता वाजवलंस ना चिमटी, मला फक्त बाई ऐकू आल्या. हेडफोन चांगले होते, जुनेही आणि नवेही. दोन महिने तुम्हाला फसवतोय. गेले तीन आठवडे तर बाईच खुणा सांगतायत, मी नुसता दाबतोय." एवढं बोलून ते खुर्चीत बसले.

मग मालक म्हणाला, "आधी डॉक्टरला दाखवा. बाकीचं मागून बघू." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि आपुलकी आहे की नाही तेही भाऊंना कळेना. चिमटीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती चटकन आपल्या खोलीत गेली.

बाईंनी दोन कप चहा आणला.

"कशाला खोटं बोललात?" भाऊंनी विचारलं.

"तुम्ही कशाला खरं बोललात? माझं एवढं चांगलं खोटं वाया घालवलंत." मग कपावर फुंकर घालत त्या म्हणाल्या, "आमच्या घरी सहा वर्षं हेच चाललं होतं. यांना काही विचारलं की 'हो हो'. कुणी काही सांगितलं की 'हो हो'. ऐकू न येणाऱ्या माणसाचा 'हो' वेगळा असतो भाऊ. दोनदा येतो आणि जरा लवकरच येतो. त्या साठ पोत्यांच्या दिवशी तुम्ही तसं म्हणालात आणि मला घरात बसल्यासारखं वाटलं."

"मग पुढे? त्यांनी दाखवलं का कुणाला?"

"नाही दाखवलं. आणि मीही हट्ट धरला नाही. आता ते नाहीत." बाईंनी कप खाली ठेवला. "तुम्ही मात्र उद्याच जा."

उद्या नाही, पण चार दिवसांनी भाऊ गेले. बायको बरोबर होती. तिला एवढंच सांगितलं होतं की स्टुडिओवाल्यांनी तपासणी करायला सांगितलीय. कानांच्या डॉक्टरीणबाईंनी भाऊंना कपाटाएवढ्या एका बंद खोलीत बसवलं. समोर काच, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. "आवाज आला की दाबायचं, काका. कितीही बारीक असला तरी."

आयुष्यात पहिल्यांदा भाऊ काचेच्या त्या बाजूला बसले होते. सुरुवातीचे आवाज जाड, भोंग्यासारखे. भाऊ पटापट दाबत गेले. मग आवाज विरळ झाले. मग आलेच नाहीत. भाऊ वाट बघत राहिले. एवढा वेळ काही न येणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी एकदा दाबलं. थोड्या वेळाने आणखी एकदा.

"काका," डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "अंदाजाने दाबू नका हं."

बायको बाहेर डॉक्टरीणबाईंच्या पाठीमागे बसली होती. यंत्रावर दर आवाजाला एक दिवा लागत होता आणि नवऱ्याने बटण दाबलं की त्याच्या शेजारचा दुसरा. पहिला दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. दुसरा काळाच. काचेपलीकडे नवरा बटणावर अंगठा ठेवून, शाळेतल्या हुशार मुलासारखा मान उंच करून बसला होता. ती ते बघत राहिली.

डावा कान त्यातल्या त्यात बरा आहे, पण गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कानाला यंत्र लावलं तर बोलणं स्पष्ट होईल, पण पूर्वीसारखं नाही. आणि हेडफोन आता शक्यतो नकोत.

परतीच्या रस्त्यावर दोघं एका बाकावर बसले. बायको उजवीकडून उठली आणि त्यांच्या डाव्या बाजूला, बऱ्या कानाकडे येऊन बसली.

"मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय," ती म्हणाली. "दीड-दोन वर्षं झाली. मी बोलते आणि तुम्ही 'हं' करता, नाहीतर तेही नाही. वाटलं, आता या वयात काय भांडायचं. म्हणून मीच बोलणं कमी केलं."

"काय काय बोलली होतीस?" भाऊंनी विचारलं.

"आता काय आठवतंय? कपडे आत घ्या, भाजी कुठली आणू, पाय दुखतोय. असलंच." मग म्हणाली, "पाय खरंच दुखत होता पण."

"कुठला?"

"डावा. आता बराय."

भाऊंनी तिचा हात धरला नाही, तशी सवय नव्हती. पण घर येईपर्यंत ते तिच्या चालीने चालले.

मालकाने त्यांना काढलं नाही. पण त्यांच्या खुर्चीत चिमटी बसायला लागली. एडिटिंगचं निम्मं काम एका नव्या माणसाकडे गेलं. भाऊंच्या वाट्याला आलं ते पुस्तकं आधी वाचून काढण्याचं काम: कठीण शब्दांवर पेन्सिलीने खुणा, श्वास कुठे घ्यायचा तिथे छोटी रेघ. काम वाईट नव्हतं. शांत होतं, आणि अर्ध्या दिवसात संपायचं. पण पहिले काही दिवस त्यांची डाव्या हाताची तीन बोटं टेबलावर आपोआप पसरायची आणि त्यांच्या ते लक्षातही यायचं नाही. नवं यंत्र लावल्यावर चमचे, नळ, कागद, सगळ्यांनाच पत्र्याचा आवाज आला होता. दुपारी ते काढून खिशात टाकलं की बरं वाटायचं.

एकोणिसावं प्रकरण बाईंनी पुन्हा वाचलं. नीट वाचलं, आणि ते नुसतं नीटच झालं. चिमटीने दोन रात्री खपून जुन्या वाचनातली सूं जमेल तेवढी काढली आणि हिरव्या खुणांच्या दोन जागा वाचवल्या. तिसरी वाचली नाही. मीठ आठवण्याची ती जागा पुस्तकात दुसऱ्या वाचनातलीच गेली. ऐकणाऱ्यांना काही कळायचं नाही, असं मालक म्हणाला, आणि ते खरंच होतं.

पुस्तक संपायच्या दिवशी भाऊ स्टूल घेऊन चिमटीशेजारी बसले. हेडफोन नाहीत, खोलीतला छोटा स्पीकर चालू. शेवटची चार पानं. बाई थकल्या होत्या, साडेसहाशे पानं त्यांच्या घशात उतरली होती. शेवटचं वाक्य झालं. चिमटीने भाऊंकडे पाहिलं आणि तिसऱ्या बटणावर बोट ठेवून भुवया वर केल्या.

भाऊंनी मान हलवली. नाही.

बाईंनी ते काचेतून पाहिलं. "काय? जमलं नाही?"

भाऊंनी पुढे वाकून बोलण्याचं बटण दाबलं. "चांगलं झालं, बाई. पण तुम्ही घरी जायच्या घाईत वाचलंत."

"आहेच मला घाई," बाई म्हणाल्या. "किती वाजले बघा." मग पाणी पिऊन, चष्मा पुसून त्या चार पानं मागे गेल्या.

दुसऱ्यांदाही हिरवी पडली नाही. तिसऱ्यांदा वाचायला बाईंनी साफ नकार दिला, आणि भाऊंनीही आग्रह केला नाही. सगळ्यांनी दिवे मालवले. जिन्यात बाई एकेक पायरी उतरत काहीतरी म्हणाल्या.

"ऐकू नाही आलं," भाऊ म्हणाले. "पुन्हा सांगा."

बाईंनी पुन्हा सांगितलं.